मदत हवी आहे: गोळी सुरू केली आणि झोप-भूक दोन्ही गेली

निशाचर: मंडळी, जरा लवकर सांगा. मूडसाठी गोळी सुरू केली, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही, घास घशाखाली उतरत नाही. सेरोटोनिन, म्हणजे मूड सांभाळणारं ते रसायन, वाढतं ना याने? मग बरं का वाटत नाही? बंद करू का?

सावली: कोणती गोळी? किती दिवस झाले? कधी घेता?

मोकळा_श्वास: गोळ्या सोडा. ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. पोट सुधारलं की मन सुधारतं, मी तसाच बरा झालो.

सावली: तुम्ही बरे झालात, आनंद आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून बनवतो. कृपया कुणाला गोळ्या सोडायला सांगू नका.

मोकळा_श्वास: मग रक्तातलं तपासून घ्या.

सावली: त्या आकड्यावरून मेंदूतलं कळत नाही हो.

पहाट: कॉफी किती वाजता घेता? झोपेची ओढ लावतं ते अ‍ॅडिनोसिन, कॅफीन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. निम्मं कॅफीन पाचेक तासांनंतरही अंगात असतं. मी दुपारनंतर बंद केली.

वजनकाटा: झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, वजन वाढतं. रात्री हलकं जेवा.

निशाचर: अहो, माझी भूक मेली आहे, वजनाचं काय घेऊन बसलात! कॉफी पीतच नाही. गोळी एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ, सहावा दिवस, रात्री झोपताना घेतो.

सावली: हे आधी सांगायचं ना! सेरोटोनिन पहिल्या गोळीपासूनच वाढायला लागतं, पण मेंदूला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. मूड सुधारायला २ ते ६ आठवडे जातात. तोवर त्रासच आधी जाणवतो. ही गोळी आतड्यातल्या सेरोटोनिनवरही काम करते, म्हणून मळमळ आणि अन्नावरची वासना जाणं. माझे पहिले दहा दिवस असेच गेले, फार एकटं वाटायचं. डॉक्टरांनी गोळी सकाळी करून दिली, तेव्हा झोप लागली. तुम्हीही विचारा, पण मनाने बंद करू नका. अस्वस्थता फार वाढली किंवा स्वतःला इजा करायचे विचार आले, तर त्याच क्षणी त्यांना गाठा.

वजनकाटा: मिर्टाझापिन ही मूडची दुसरी गोळी मागा, झोप आणि भूक दोन्ही येतात.

सावली: येतात, कारण ते मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन अडवतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

निशाचर: फोन लावला. उद्यापासून सकाळी, खाऊन घ्यायची. पुढच्या आठवड्यात दाखवायचं. आज रात्रीची घ्यायची की नाही, हे विचारायचंच राहिलं. परत लावतो.