अनुभव धागा: काम समोर, व्हिडिओ कोपऱ्यात

ब्राउझरमधला व्हिडिओ सुटा करून स्क्रीनच्या कोपऱ्यात तरंगत ठेवता येतो, म्हणजेच पिक्चर-इन-पिक्चर. तुम्ही ते कशासाठी वापरता? नुसतं 'मस्त आहे' नको, तपशिलात लिहा. सुरुवात मी करते. सध्या मी एक्सेल शिकतेय. आधी टॅब बदलून शीटवर येईपर्यंत सूत्रातला कंस कुठे बंद करायचा तेच डोक्यातून जायचं. आता शिकवणारा कोपऱ्यात आणि शीट समोर. त्याने एक पायरी दाखवली की छोट्या खिडकीतच पॉज करते, स्वतः करून बघते, मग पुढे. हाताने करून शिकायच्या गोष्टींसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

*

क्रोमवाल्यांसाठी: यूट्यूबच्या व्हिडिओवर एकदा राइट क्लिक केलं की यूट्यूबचा मेनू येतो. तिथेच परत राइट क्लिक करा, ब्राउझरचा मेनू उघडतो आणि त्यात हा पर्याय असतो. फक्त मूळ टॅब बंद करू नका, खिडकीही जाते.

*

मला कमी ऐकू येतं, त्यामुळे सबटायटल्सशिवाय व्हिडिओचा उपयोग शून्य. छोट्या खिडकीत त्या दिसायच्याच नाहीत, म्हणून मी या सोयीच्या वाटेला गेलो नव्हतो. मे २०२२ मध्ये फायरफॉक्स १०० आलं आणि यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओची सबटायटल्स त्या खिडकीत दिसू लागली. अक्षरं बारीक वाटली तर खिडकी कोपऱ्याला धरून ओढून मोठी करतो. ज्यांनी हे केलं त्यांचे मनापासून आभार!

*

माझं मत वेगळं. मी भाषांतर करते. कानावर कुणाचं बोलणं पडलं की हातातलं वाक्य बिघडतंच, खिडकी कितीही छोटी असो. मॅच मात्र आवाज बंद करून लावते. स्कोअर दिसत राहतो, तेवढं पुरतं.

*

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ] एकत्र दाबा, माउसला हात लावायला नको. २०२१ पासून त्यात एकाच वेळी अनेक व्हिडिओ असे सुटे करता येतात. दोन सामने एकदम चालू असले की मी दोन्ही लावतो.

*

ऑनलाइन मीटिंगवाल्यांनो, अख्खी स्क्रीन शेअर केलीत तर तरंगता व्हिडिओही सगळ्यांना दिसतो. फक्त हवी ती विंडो किंवा टॅब शेअर करा.