नवा पॉट लावल्यापासून आवाज एकदम उसळतो

लश्करवाली (ग्वाल्हेर)
आईच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात आवाजाचा पॉट (बटणामागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) खरखरायचा, म्हणून बदलून घेतला. खरखर गेली. पण आता बटण जरासं फिरवलं की तानपुरा ओरडतो, आणि पुढे शेवटापर्यंत फारसा फरक नाही. आई पहाटे रियाजाला बसते, वर भाडेकरू झोपलेले! दुरुस्तीवाला म्हणतो, "५० के (किलो-ओहम) होता, ५० के च लावलाय." मीटरवर कडेच्या दोन पायांत ४८ के दाखवतंय. मग गडबड कुठे?

जुनी_डबी
ताई, पॉटच्या पाठीवर वाचा. 'बी ५० के' असणार. जुन्यावर बहुतेक 'ए ५० के' असेल. ए म्हणजे लॉग, सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा; बी म्हणजे लिनियर, बटण फिरेल त्याच प्रमाणात वाढणारा.

कडेचे दोन पाय म्हणजे कार्बनच्या पट्टीची दोन टोकं. बटण कसंही फिरवा, त्यांच्यातला रेझिस्टन्स तोच राहतो, म्हणून मीटरला चूक दिसली नाही. पट्टीवर सरकतो तो मधला पाय, वायपर. वायरी सोडवून, बटण मध्यावर ठेवून, मधला पाय आणि ग्राउंडकडचा पाय (आवाज शून्य करताना वायपर ज्या टोकाला जातो तो) यांत मोजा. २५ के च्या आसपास आलं तर लिनियर, ५ ते ७ के आलं तर लॉग.

आता कानाचं ऐका. आवाज दुप्पट वाटायला व्होल्टेज जवळजवळ तिप्पट लागतं. लिनियर पॉट मध्यावरच निम्मं व्होल्टेज देऊन बसतो, म्हणजे पूर्ण आवाजाहून जेमतेम ६ डेसिबल कमी. पुढची अख्खी अर्धी फेरी त्या ६ डेसिबलमध्ये खर्च, आणि पहाटेचा हळू आवाज सगळा सुरुवातीच्या चिमूटभर जागेत. लॉग पॉट मध्यावर दहा-पंधरा टक्केच सोडतो. (स्वस्त पॉटमध्ये खरा लॉग नसतोच म्हणा, वेगवेगळ्या रेझिस्टन्सचे दोन पट्टे जोडून काम भागवतात. कानाला चालतं.)

इंदूरी_सोल्डर
पॉट काढायचा कंटाळा असेल तर वायपर आणि ग्राउंड यांत ६.८ के चा रेझिस्टर टाका. मध्यावर व्होल्टेज अठरा टक्क्यांच्या आसपास येतं, लॉगसारखंच.

जुनी_डबी
येतं, पण पूर्ण आवाजाला मागच्या स्टेजवर, म्हणजे पॉटला सिग्नल देणाऱ्या सर्किटवर, ५० के ऐवजी ६ के चा भार पडतो. ती अशक्त असली तर सूर फाटेल. तानपुऱ्यात मी हे करणार नाही. आणि अक्षरावर डोळे झाकून विश्वास नको, जुन्या युरोपियन मालात ए म्हणजे लिनियर असायचा. मीटर खरा.

लश्करवाली
मोजलं, २४ के! लिनियरच. आता दुकानात नुसतं 'ए ५० के' सांगितलं की झालं ना काका?

जुनी_डबी
नाही, जुना पॉट आणि बटण दोन्ही बरोबर न्या. दांडा गोल, दातेरी की एका बाजूने चपटा, ते जुळायला हवं. आणि पाय मोजा, तीनऐवजी पाच असतील तर त्यातच चालू-बंदचा स्विच आहे.