मदत हवी आहे: परदेशातून परत आलेय, सुट्टीचे दिवस वाटायचे कसे?

मंडळी, जरा सल्ला हवाय. चार वर्षं बाहेर काढून गेल्या शनिवारी कायमची परत आलेय आणि आल्या आल्या शरद ऋतूतल्या सुट्ट्या सुरू. आई म्हणते सगळे दिवस घरीच, दादा म्हणतो आमच्याकडे ये, आणि कॉलेजच्या ग्रुपवर तर मला न विचारताच दोन दिवसांचा प्लॅन ठरलाय, फोटोसाठी कपड्यांचा रंगसुद्धा!

त्यात जेट लॅग. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित जास्त लांब चालतं म्हणून पूर्वेकडे प्रवास केला की जास्त त्रास होतो, आणि एका टाइम झोनला साधारण एक दिवस धरला तर माझे अजून चार-पाच दिवस जाणारच. परवा मावशी काहीतरी मनापासून सांगत होती आणि मी हातात कप धरून बसल्या बसल्या झोपले, कप मांडीवर कलंडला तेव्हा जाग आली. मावशी रुसली ती अजून रुसलेलीच. रात्री ३ ला मात्र टक्क जागी, अर्धवट उपसलेल्या बॅगेकडे बघत.

तर तुम्ही काय केलंत अशा वेळी? घरचे आणि मित्र सगळ्यांना एकाच दिवशी बोलवावं का? मला भीती की दोन्हीकडचे अवघडून बसतील आणि मी मधे दुभाष्यासारखी. आणि मुख्य म्हणजे "तिकडे राहून बदललीस हो" हे न ऐकता नाही कसं म्हणायचं?