मदत हवी आहे: परवाने गोठवले तरी खेकड्यांचे सापळे वाढले कसे?

सावली_पुणे: उद्या सकाळी सेमिनार आहे आणि एकाच मुद्द्यावर अडलेय. १९९५ पासून नवीन परवाना नाही, तरी पुढे सापळे वाढतच गेले. सर म्हणाले, "यातच उत्तर आहे," आणि निघून गेले. पटकन सांगा. लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

बंड्या_चिंचवड: कुठले परवाने? आपल्याकडे खेकड्यांचा वेगळा परवाना असतो?

सावली_पुणे: कॅलिफोर्निया! डंजनेस खेकडा.

दर्यावर्दी: हे आधी लिहायचं ना, ताई. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती नीट पाळली तर परवान्यांचा घोळ हवाच कशाला? आमची अलिबागची आजी अंडीवाली चिंबोरी परत पाण्यात सोडायची.

कोथरूडकर: आजीला नमस्कार, पण प्रश्न वेगळा आहे. गोठवली ती बोटींची संख्या. एका बोटीने किती सापळे टाकायचे यावर बंधन नव्हतं. हंगाम उघडला की पहिल्या काही आठवड्यांतच बहुतेक माल निघतो, म्हणून जो तो सापळे वाढवत गेला. शेवटी २०१३ मध्ये बोटींचे सात गट पाडून १७५ ते ५०० सापळ्यांची मर्यादा घातली.

सावली_पुणे: म्हणजे तोपर्यंत खेकडे संपत आले होते?

कोथरूडकर: नाही, इथेच सगळे फसतात. धंद्यासाठी फक्त नर धरतात, तोही सव्वासहा इंचांहून रुंद. माद्या आणि लहान नर परत समुद्रात. प्रजा टिकते ती या नियमामुळे. परवान्यांनी आवरायची होती ती बोटींची गर्दी.

हिशोबी: अर्धवट इलाज. अलास्कासारखा प्रत्येकाच्या पकडीचा कोटा ठरवून द्या. २००५ मध्ये दिला आणि जीवघेणी शर्यत थांबली.

बंड्या_चिंचवड: आणि बोटी निम्म्याहून कमी झाल्या, खलाशांची कामं गेली, ते कोण सांगणार?

कोथरूडकर: शिवाय कोटा असूनही २०२२ मध्ये अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅब जातीच्या खेकड्यांची पकड पहिल्यांदाच बंद करावी लागली. पाणी तापलं तिथे कागद काय करणार?

हिशोबी: तो दोष कोट्याचा नाही.

कोथरूडकर: मी तसं म्हणालोही नाही.

खवय्या_गणेशपेठ: धागा भरकटवतोय, माफी. रविवारी पाहुणे आहेत, जिवंत चिंबोऱ्या घ्यायच्यात. भरलेली कशी ओळखायची?

दर्यावर्दी: हातात जड लागली पाहिजे. पोटाकडून दाबून बघा, दबली तर पोकळ. अमावास्येच्या आसपास भरलेली मिळते असं जुने लोक म्हणतात.

सावली_पुणे: अहो, माझं सेमिनार! परवाना विकता येतो का?

कोथरूडकर: तो बोटीला असतो, बोट विकली की सोबत जातो. नवीन परवाना मिळत नाही म्हणून त्यालाच भाव येतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर राबलेल्या खलाशाला स्वतःचा धंदा उभा करणं म्हणूनच जड जातं. सर बहुधा इथेच अडवतील, तयारी ठेवा.

बंड्या_चिंचवड: माझ्या मेहुण्याची सिंधुदुर्गात खाडीलगत जमीन आहे. तिथे खेकडापालन जमेल का? पिल्लं कुठे मिळतात?