एक वेलांटी सुधारायला गिट शिकायचं?

मुद्रितशोधक
एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 'संदेश पाठवीला' असं दिसलं. दुरुस्ती एका वेलांटीची. विचारलं तर उत्तर आलं, गिट वापरा (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर): फोर्क करा (प्रकल्पाची आपली प्रत काढा), क्लोन करा (ती संगणकावर उतरवा), ब्रँच (वेगळी शाखा) काढा, कमिट (बदलाची नोंद), पुश (नोंद वर चढवणं), मग पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती). भाषा जाणणारा माणूस इथूनच परत फिरतो, आणि वर ऐकायला मिळतं की मराठीसाठी कुणी पुढे येत नाही!

गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनी लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी लिहिलं. ते कर्नलवाल्यांना शोभतं. विकिपीडियावर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, नको तो बदल उलटवता येतो, आणि संपादकाला एकही आज्ञा पाठ करावी लागत नाही. गिट असू द्या, पण पडद्यामागे. वेबलेट या भाषांतराच्या वेबसाधनात हेच होतं. अनुवादक ब्राउझरमध्ये वाक्य भरतो, कमिट वेबलेट करतं आणि लेखक म्हणून नाव अनुवादकाचंच लागतं.

काळी खिडकी
असहमत. दार सताड उघडल्यावर काय होतं ते ऑक्टोबर २०२० मध्ये पाहिलं. हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याच्या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट होता. लोकांनी रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढंच घुसडून रिक्वेस्टी पाठवल्या. यात आपले भारतीय विद्यार्थी बरेच होते, हे कबूल करायला हवं. शेवटी आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय, तिथलंच योगदान धरायचं. चार आज्ञा शिकायची तयारी नसेल, तर तो माणूस पुढच्या आठवड्यात टिकेल कशावरून?

मुद्रितशोधक
@काळी खिडकी, उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. ती मंडळी प्रोग्रामर होऊ पाहणारी होती. फोर्क आणि पुल रिक्वेस्ट त्यांना येत होतं, म्हणून तर कचरा टाकता आला. तुमच्या उंबरठ्यानं त्यांना अडवलं नाही, अडवलं ते माझ्यासारख्यांना.

मॅन्युअलवाली
मी प्रोग्रामर नाही, वापरपुस्तिका लिहिते. गिटहब या प्रकल्प ठेवायच्या संकेतस्थळावरची संपादनाची पेन्सिल दाबली तर फोर्क आपोआप होतो, त्यामुळे क्लोनची भीती दाखवणं आता जुनं झालं. खरी अडचण पुढे आहे. गिट फरक मोजतं ओळीनुसार. कोडमध्ये ओळ छोटी असते; गद्यात मात्र अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असू शकते. मी स्वल्पविराम हलवते आणि गिटच्या लेखी परिच्छेद बदलतो. दुसऱ्या कुणी त्याच परिच्छेदात वेगळा शब्द सुधारला की संघर्ष उभा, कुठला बदल ठेवायचा ते गिटला ठरवता येत नाही! म्हणून बरेच जण एका ओळीत एकच वाक्य लिहितात. पान दिसतं तसंच, भांडणं कमी होतात. वर्डची फाइल टाकाल तर तेही नाही, कारण ती झिप केलेली असते आणि गिटला आतलं काही वाचता येत नाही. हे नवख्याला पहिल्याच पानावर सांगा ना! त्याऐवजी तिथे रीबेसचं (कमिट नव्या पायावर पुन्हा मांडण्याचं) पुराण असतं.

काळी खिडकी
ओळींचा मुद्दा मान्य. पण विकिपीडियाची तुलना नको. तिथे आधी बदल, मग तपासणी. पान चुकलं तर पाच मिनिटांत पूर्ववत. इथे चुकलेलं भाषांतर प्रकाशित आवृत्तीतून लोकांच्या संगणकावर जातं. मूळ वाक्यात फाइलच्या नावासाठी ठेवलेली खूण अनुवादकानं गाळली, तर वापरणाऱ्याला कळतच नाही कुठली फाइल पुसली जातेय.

रात्रपाळी
ती खूण गाळली तर वेबलेट लगेच इशारा देतं; असली तपासणी यंत्रानं करायची. मी एका छोट्या प्रकल्पाची देखभाल करतो, पगाराशिवाय. ब्राउझरमधून सूचना येऊ लागल्या तेव्हा आनंद झाला. आता त्या साठत चालल्यात, कारण मला तमिळ येत नाही, कन्नड येत नाही. मराठी येतं, पण रात्री अकरानंतर. लिहिणाऱ्यांची सोय झाली, वाचणाऱ्याची कुणी केली? प्रत्येक भाषेला मंजुरीचा अधिकार असलेली दोन माणसं द्या. त्यांना गिट आलं नाही तरी चालेल.

काळी खिडकी
मंजुरीचा अधिकार आणि गिट येत नाही? मग चुकीची मंजुरी दिल्यावर मागे कोण घेणार?

रात्रपाळी
मीच घेईन. एक कमिट उलटवायला मिनिट लागतं, कन्नड शिकायला नाही. मुद्रितशोधक, मराठीची एक जागा रिकामी आहे. येताय?