फॅट ग्राफ्टिंग: "तुमचीच चरबी, मग धोका कसला?" हे खरं आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या नणंदेसाठी आहे. वय 42, मुलुंडला राहते. डायबेटिस निघाल्यावर तिनं नेटानं वजन उतरवलं. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, पण गाल बसले आणि डोळ्यांखाली खड्डे पडले. लोकलमध्ये कुणी "बरं नाही का गं?" विचारलं की तिचा दिवस गेलाच म्हणून समजा.

आता एका क्लिनिकमध्ये जाऊन आलीये. पोटावरची चरबी काढून गालांत, कानशिलांत आणि डोळ्यांखाली भरायची असा बेत आहे. तिथे म्हणाले, "तुमचीच चरबी, ॲलर्जी नाही, साइड इफेक्ट नाही." ॲलर्जीचं पटतं. पुढचं काही पचत नाही.

मी वाचलं त्यावरून खरी भीती रक्तवाहिन्यांची वाटते. भुवयांच्या मधली जागा, नाक, कपाळ, कानशील इथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुई धमनीत शिरली आणि दाबानं चरबी आत गेली, तर ती उलटी सरकून डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद करू शकते. त्यात नजर जाते. मेंदूकडे गेली तर पक्षाघात. घडतं फार क्वचित, पण घडलं तर नजर परत येणं कठीण. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर (चेहरा भरण्यासाठी टोचतात ते जेल) निदान इंजेक्शनने विरघळवता येतो, चरबीला तसा उताराच नाही.

शिवाय चरबी किती टिकेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पहिल्या काही महिन्यांत बराच भाग शोषला जातो, म्हणून काही डॉक्टर मुद्दाम जास्त भरतात. ती सगळी टिकली तर? डोळ्यांखालची त्वचा इतकी पातळ की बारीक गाठसुद्धा दिसते. रक्त न पोचलेली चरबी मरून तेलाच्या किंवा कडक गाठी होतात. आणि वजन पुन्हा वाढलं तर ही चरबीही वाढते म्हणे. हिचं वजन अजून स्थिर नाही.

कुणी करून घेतलंय का? डॉक्टरांना नेमकं काय विचारावं? ("वय स्वीकारा" असे प्रतिसाद नकोत, ते सासूबाईंनी देऊन झालेत.)

प्रतिसाद १
मी भूलतज्ज्ञ आहे. आधी डॉक्टर प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेले आहेत का ते पाहा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. बोथट टोकाची कॅन्युला (सुईऐवजी वापरायची बारीक नळी) वापरणार का आणि मागे ओढत थोडी थोडी चरबी सोडणार का, हे विचारा. धोका त्यानं कमी होतो, शून्य होत नाही. ऑपरेशन थिएटर कुठलं, तेही विचारा. ॲस्पिरिन चालू असेल तर परस्पर बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

नंतर एकाएकी जोराची कळ, अंधुक दिसणं, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात. आणि काही आठवड्यांनी लाल गाठ आली, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नसेल, तर पू कल्चरला (कुठले जंतू आहेत ते पाहायला) पाठवताना मायकोबॅक्टेरियाची, म्हणजे टीबीच्या जंतूंच्या कुळातल्या जंतूंचीही तपासणी सांगा. हे राहून जातं.

प्रतिसाद २
मी करून घेतलंय. सूज वाटलं त्यापेक्षा जास्त दिवस राहिली. डावा गाल कमी भरला, दुसऱ्या सिटिंगचे पैसे वेगळे. पोटावर जिथून चरबी काढली तिथे एक खळगा राहिलाय, त्याबद्दल आधी कुणी बोललंच नव्हतं. तरी चेहऱ्यावर मी खूश आहे, खोटं कशाला बोलू.

धागाकर्ती
दोघींचे आभार. नणंदेला विचारलं, क्लिनिकमध्ये डायबेटिसबद्दल कुणी चौकशीच केली नाही! ॲडव्हान्स भरायचा थांबवलाय. वजन काही महिने स्थिर राहू दे, मग बघू असं तीही म्हणतेय. तोवर केईएम किंवा सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांच्या प्लॅस्टिक सर्जरी ओपीडीत दुसरं मत घ्यावं म्हणते. कॉस्मेटिक कामासाठी तिथे नीट बोलतात का? आणि केसपेपरच्या रांगेत किती वाजता उभं राहावं?