'अविनाशी चाचणी' म्हणावं का?

भाषांतरकर्ती: कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या नगांच्या, तपासणीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. नग न कापता आतले दोष शोधायच्या सगळ्या प्रकारांना जुन्या मजकुरात 'अविनाशी चाचणी' म्हटलंय. वाचताना मला कीर्तनातला आत्माच आठवतो. दुसरा शब्द सुचवाल का? आणि ब्लोहोलला 'छिद्र' चालेल?

मास्तर: अविनाशी म्हणजे ज्याला नाश नाही ते. इथे चाचणी काही अमर नाही, तिच्यामुळे माल मोडत नाही एवढंच. 'अविध्वंसक' घ्या. 'क्ष-किरण' मात्र बदलू नका. १८९५ मध्ये राँटगेनने या अनोळखी किरणांना बीजगणितातल्या अज्ञाताचं अक्षर दिलं, आणि आपल्या बीजगणितात अज्ञात म्हणजे क्ष. इतकं चपखल भाषांतर क्वचितच जमतं.

फाउंड्रीवाला: ताई, आमच्याकडे अविध्वंसक कुणी म्हणत नाही, एनडीटीच (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग) म्हणतात. ते काहीही लिहा, पण 'छिद्र' लिहून ब्लोहोल आणि श्रिंकेज एकाच पोत्यात भरू नका. ब्लोहोल म्हणजे धातूच्या रसात अडकलेल्या वायूचा बुडबुडा, आतून गुळगुळीत. श्रिंकेजचं तसं नाही. धातू गोठताना आकसतो. जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो, आणि तोवर रायझरमधून, म्हणजे साच्याला जोडलेल्या रसाच्या साठ्यातून, रस पोचायचा थांबला असेल तर तिथे खरबरीत पोकळी राहते. एक्स-रे फिल्मवर दोन्ही काळीच दिसतात, कारण धातू कमी तिथून किरण जास्त पार होतात. पण एकीची कड गोल, दुसरी फाटे फुटल्यासारखी. एकीसाठी वाळूतला ओलावा बघायचा, दुसरीसाठी रायझर. शब्द चुकला तर माणूस भलतंच दुरुस्त करत बसेल.

मास्तर: म्हणजे छिद्रान्वेषी हा तुमच्याकडे पगारी हुद्दा आहे!

भाषांतरकर्ती: ठोकून आवाज ऐकायचा असाही एक परिच्छेद आहे. आजी मडकं टिचकी मारून घ्यायची, बद्द वाजलं की परत. तर 'बद्द वाजल्यास नग सदोष' असं लिहू?

फाउंड्रीवाला: जपून. साधं बीड (कास्ट आयर्न) निर्दोष असलं तरी बद्दच वाजतं. त्यातलं ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं, ते कंप गिळतं. लेथ यंत्राचा पाया, म्हणजे बेड, उगाच बिडाचा नसतो. एसजी आयर्न हा बिडाचाच दुसरा प्रकार; त्यात तेच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, म्हणून ते घंटेसारखं खणखणतं. तेव्हा एसजीचा नग बद्द वाजला तरच शंका घ्यायची: तडा असेल, नाहीतर गोळे नीट बनले नसतील. बिडाच्या पापुद्र्यांवर अल्ट्रासोनिक तपासणीतल्या ध्वनिलहरीही विखुरतात, त्यामुळे जाड बिडात ती तपासणी अवघड जाते.

भाषांतरकर्ती: मग 'एसजी आयर्नचा नग बद्द वाजल्यास' असं करते. आणि श्रिंकेजला 'आकुंचन-पोकळी'?

फाउंड्रीवाला: चालेल. पण शेजारी 'श्रिंकेज' ठेवाच, नाहीतर आमची पोरं मला फोन करून अर्थ विचारतील.